टोपणातला दोरा आणि पेटंटचा कायदा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत चार शब्द बोलावेत अशी कार्यकारिणीने मला आज्ञा केली, तेव्हा विषय माझा मीच निवडावा असेही सांगितले होते. पण निवडण्याची वेळ माझ्यावर आली नाही. आपल्याच एका धाकट्या भगिनीने विषय माझ्या हातात आणून ठेवला.

मी जवळजवळ तीस वर्षे पेटंटचे काम करणाऱ्या एका कचेरीत नोकरी केली, हे आपल्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. मी वकील नव्हे. अर्ज टंकलिखित करणे, दप्तर लावणे, मुदतीच्या तारखा सांभाळणे एवढेच माझे काम. पण देवळात रोज झाडलोट करणाऱ्या बाईलाही चार आरत्या पाठ होतातच; तसे माझे झाले आहे. तेवढ्याच शिदोरीवर मी आज बोलणार आहे.

ही भगिनी माझ्याकडे आली ती टूथपेस्टच्या नळीचे एक टोपण घेऊन. नेहमीच्या टोपणापेक्षा ते बोटभर उंच होते. त्याच्या पोकळीत दातांच्या फटीत फिरवण्याच्या दोऱ्याची एक चिमुकली गुंडाळी होती, बाजूला बारीक भोक होते, आणि भोकाशी दोरा तोडायला पत्र्याचा लहानसा दात होता. ती म्हणाली, "काकू, पेस्ट सगळ्यांच्या घरी असते. दोऱ्याची डबी मात्र कुणी आठवणीने आणत नाही, आणि आणली तर ती कपाटात पडून राहते. टोपणातच दोरा असला, म्हणजे विसरायचे कारणच उरले नाही. याचे पेटंट मिळेल का?"

प्रश्न नुसता कुतूहलाचा नव्हता. कुणा सल्लागाराने तिला सांगितले होते की कल्पना लाखमोलाची आहे, पेटंट नक्की मिळेल, मात्र आधी चाळीस हजार रुपये भरावे लागतील. भिशीचे पैसे नुकतेच तिच्या हाती आले होते. शिवाय आपल्या हस्तकला प्रदर्शनात ते टोपण मांडावे असेही तिच्या मनात होते. म्हणजे पैसे द्यायचे की नाही आणि वस्तू चारचौघांत दाखवायची की नाही, या दोन गोष्टी तिला आठ दिवसांत ठरवायच्या होत्या. आपल्यातल्या आणखी कुणावर ही पाळी उद्या येऊ शकेल, म्हणून तिच्या संमतीने मी हे सर्वांपुढे मांडते आहे. जी वस्तू लपवायला हवी तिचे मी भर सभेत वर्णन कसे केले, अशी शंका एखाद्या चाणाक्ष बाईला आली असेल. तिचे उत्तर पुढे येईलच.

प्रथम त्या दोऱ्याविषयी. इंग्रजीत त्याला फ्लॉस म्हणतात. आपल्याकडे जेवणानंतर दातकोरणे वापरण्याची चाल जुनी आहे. फ्लॉस हे त्याच कामाचे अधिक नाजूक साधन. ब्रशाचे केस जिथे पोचत नाहीत त्या दोन दातांमधल्या फटीत हा दोरा अलगद फिरवायचा. अमेरिकेत न्यू ऑर्लीन्स शहरी पार्मली नावाचे दंतवैद्य होते. त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच रोग्यांना मेण लावलेला रेशमी दोरा वापरण्याचा उपदेश केला, आणि १८१९ सालच्या आपल्या पुस्तकात तो लिहूनही ठेवला. पुढे १८७४ साली शर्टलेफ नावाच्या गृहस्थांनी खिशात ठेवण्याच्या दोऱ्याच्या डबीचे पेटंट घेतले. दोरा तोडण्याची सोय त्या डबीवरच होती. म्हणजे डबी, गुंडाळी आणि कापणारा दात ही त्रयी दीडशे वर्षांची झाली.

नळीची कथाही अशीच. दाबून रिकामी करायची धातूची नळी जॉन रँड नावाच्या एका चित्रकाराने १८४१ साली काढली, ती रंग वाळू नयेत म्हणून. दातांची पेस्ट तीत शिरली ती शतकाच्या अखेरीस. कोलगेट कंपनीने १८९६ साली नळीतली पेस्ट बाजारात आणली. तेव्हा आपल्या भगिनीच्या हातातल्या वस्तूत पेस्ट जुनी, नळी जुनी, टोपण जुने, दोरा जुना आणि दोऱ्याची डबीही जुनी. नवी म्हणायची ती जोडणी. आता कायदा नुसत्या जोडणीला शोध म्हणतो काय, हाच प्रश्न उरतो.

पेटंट म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. सरकारी मराठीत त्याला 'एकस्व' म्हणतात, आणि शब्द मोठा बोलका आहे: स्वत्व एकाचेच. हा समाज आणि संशोधक यांच्यातला करार असतो. संशोधकाने आपली युक्ती काहीही न लपवता लिहून द्यायची; त्याबदली वीस वर्षे ती युक्ती इतरांना त्याच्या परवानगीवाचून वापरता येत नाही. वीस वर्षांनी ती सर्वांची होते. मात्र हा करार करण्याआधी सरकार तीन गोष्टी पाहते. युक्ती नवी आहे काय? उद्योगात उपयोगी पडेल अशी आहे काय? आणि तिच्यात त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला सहज सुचली नसती अशी काही झेप आहे काय? पहिल्या दोन कसोट्या पुष्कळांना उतरता येतात. अर्ज अडतो तो तिसऱ्या कसोटीवर, आणि जोडणीच्या वस्तू तर तिथे हमखास अडतात.

याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आपल्या मुलांच्या दप्तरातच असतो. शिसपेन्सिलीच्या एका टोकाला खोडरबर बसवण्याची कल्पना फिलाडेल्फियाच्या हायमन लिपमन या गृहस्थांची. १८५८ साली त्यांना तिचे अमेरिकन पेटंट मिळाले. पेन्सिलीच्या लाकडाला एका बाजूने शिसे आणि दुसऱ्या बाजूने रबर बसवायचे, आणि दोन्ही टोके तासत जायची, अशी ती युक्ती होती. रेकेंडॉर्फर नावाच्या व्यापाऱ्याने १८६२ साली हे पेटंट विकत घेतले. त्याने एक लाख डॉलर मोजले असे सांगतात. पुढे फेबर या पेन्सिलवाल्याने तशाच पेन्सिली काढल्या, तेव्हा रेकेंडॉर्फरने त्याच्यावर फिर्याद लावली. तंटा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७५ सालच्या निकालाने रेकेंडॉर्फर हरला. पेटंटच रद्द ठरले.

न्यायमूर्तींचे म्हणणे काय होते ते माझ्या शब्दांत सांगते. पेन्सिल लिहिते, ती पूर्वीही तशीच लिहीत असे. रबर खोडते, तेही पूर्वी तसेच खोडत असे. दोघांना एक दांडा मिळाला म्हणून पेन्सिल अधिक चांगली लिहू लागली नाही, आणि रबर अधिक चांगले खोडू लागले नाही. लिहिताना रबराची मदत होत नाही. खोडताना शिशाची होत नाही. सोय झाली हे खरे, पण सोय म्हणजे शोध नव्हे. याउलट उदाहरण म्हणून न्यायालयाने शिवणयंत्राकडे बोट दाखवले. तिथे एक भाग कापड पुढे सरकवतो आणि दुसरा टाका घालतो. दोघांची क्रिया एकाच वेळी चालते आणि दोघांची मिळून अखंड शिवण उतरते. एक थांबला तर दुसऱ्याचे काम फुकट जाते. अशा जोडणीत शोध असू शकतो.

शिवणयंत्र आपल्या ओळखीचे आहेच, पण हा भेद पाहायला तेवढेही लांब जायला नको. आपली विळी घ्या. पात्याच्या टोकाला खवणी असते. पाते भाजी चिरते, खवणी नारळ खवते. दोन्हींना पाट एक, त्यावर दाबून ठेवायला पाय एक. तरी भाजी चिरताना खवणी स्वस्थ असते आणि नारळ खवताना पाते स्वस्थ असते. कायद्याच्या दृष्टीने विळी-खवणी म्हणजे रबर लावलेली पेन्सिलच. आता ताक घुसळणे आठवा. रवी, दोरी आणि घुसळखांब. दोरी रवीला फिरवते, खांब रवीला जागेवर धरतो, रवी दही घुसळते, आणि तिन्ही मिळून लोणी वर येते. दोरी काढून घेतली तर रवी नुसती काठी, आणि खांब नुसता खांब. पहिल्यात शेजार आहे, दुसऱ्यात संसार आहे. पेटंटचा कायदा शेजाराला काही देत नाही. संसार असेल तर विचार करतो.

ही तऱ्हा एकट्या अमेरिकेची असे समजू नका. इंग्लंडात १८९० साली खिमा करण्याचे यंत्र आणि तो खिमा आवरणात भरण्याचे यंत्र एकत्र जोडणाऱ्याचे पेटंट टिकले नाही. तिथेच २००४ साली, अगदी आपल्या स्वयंपाकघरातल्या वस्तूवरून, गॅसच्या शेगडीच्या बर्नरवरून, हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे तंटा गेला. साबाफ या इटालियन कंपनीच्या बर्नरमध्ये दोन करामती होत्या: हवा शेगडीच्या खालून न घेता वरून घ्यायची, आणि गॅस व हवा यांचे मिश्रण बर्नरच्या आत आडवे पसरू द्यायचे. दोन्ही आधी माहीत असलेल्या. एकत्र आणल्या तरी प्रत्येक आपापलेच काम करीत होती. लॉर्ड हॉफमन यांनी सांगितले की आधी हा शोध एक आहे की दोन आहेत ते ठरवा. ते दोन असतील तर प्रत्येकाकडे वेगळे पाहा. तसे पाहिल्यावर दोन्ही सहज सुचण्यासारख्या ठरल्या आणि पेटंट गेले.

आपल्या देशातला गाजलेला दाखला तर भांड्यांचाच आहे. उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरला भांडी करण्याचा धंदा मोठा. भांडे लेथवर फिरवून खरडताना ते निसटून उडे आणि कामगाराला इजा होण्याची भीती असे. हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज या पेढीने भांडे दुसऱ्या बाजूनेही दाबून धरण्याची सोय केली आणि तिला १९५१ सालापासूनचे पेटंट मिळाले. पुढे विश्वनाथ प्रसाद राधेश्याम या दुसऱ्या पेढीशी तंटा झाला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १३ डिसेंबर १९७८ रोजी लागला. काम अधिक सोयीचे, जलद आणि निर्धोक झाले असा पेटंटवाल्यांचा दावा होता. तरीही, भांडे तसे धरून ठेवण्याची रीत कारखान्यांतून कित्येक वर्षे माहीत होती, तेव्हा ही कारागिराच्या हातची सुधारणा झाली, शोध नव्हे. माहीत असलेल्या वस्तू नुसत्या एकत्र मांडल्याने पेटंट मिळत नाही, असे न्यायालयाने ठरवले. यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. पेटंट हाती आले म्हणजे ते कायमचे पक्के झाले असे नसते. कोर्टात ते रद्द होऊ शकते. त्या काळी पेटंटची मुदत सोळा वर्षांची असे. म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंत ती मुदतही उलटून गेली होती!

आपल्या १९७० सालच्या पेटंट कायद्यात तर हे स्पष्ट लिहूनच ठेवले आहे. कलम ३ मध्ये कशाकशाला शोध म्हणायचे नाही याची यादी आहे. तीत असे म्हटले आहे की, माहीत असलेली साधने नुसती मांडली, फिरवून मांडली किंवा दुप्पट केली, आणि प्रत्येक साधन आपापले काम माहीत असलेल्या रीतीने स्वतंत्रपणे करीत राहिले, तर तो शोध होत नाही. हे वाक्य वाचले आणि ते टोपण समोर ठेवले, की उत्तर आपोआप मिळते. पेस्ट नळीतून येते, दोरा टोपणातून येतो. दोरा संपला तरी पेस्ट येतच राहते, पेस्ट संपली तरी दोरा निघतच राहतो. हा शेजार झाला.

शिवाय मी तिला घेऊन संगणकासमोर बसले. आपल्या पेटंट कार्यालयाचे दप्तर आणि परदेशांतली दप्तरे आता घरबसल्या, विनामूल्य चाळता येतात. टूथपेस्टच्या नळीला किंवा तिच्या टोपणाला दोऱ्याची डबी जोडण्याच्या कल्पना अमेरिकेच्या दप्तरात आधीच नोंदलेल्या आढळल्या. इथे पुष्कळांची एक समजूत चुकते. पेटंटचा हक्क ज्या त्या देशापुरता असतो, पण नवेपणाची कसोटी साऱ्या जगाची असते. अमेरिकेत छापून गेलेली कल्पना मुंबईत नवी ठरत नाही. आणि म्हणूनच, बायांनो, ते टोपण मी तुमच्यापुढे निःशंकपणे वर्णन करू शकले. उघड झालेल्या गुपिताला झाकण कसले घालायचे?

कुणी म्हणेल, "अहो, सांगितल्यावर सगळेच सोपे वाटते! जगात असे काय आहे, जे जुन्याच वस्तूंतून झालेले नाही?" ही तक्रार खोटी नाही, आणि न्यायालयांनाही ती ठाऊक आहे. म्हणूनच भाग जुने आहेत एवढ्यावरून ते अर्ज फेटाळीत नाहीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली मोटारीच्या पेडलच्या एका तंट्यात जे सांगितले, त्याचे सार असे: माहीत असलेल्या वस्तू माहीत असलेल्या रीतीने जोडल्या आणि व्हायचे तेवढेच झाले, तर ती जोडणी सहज सुचण्यासारखी समजावी. म्हणजे आपण विचारायचे ते हे, की जोडल्यावर अपेक्षेबाहेरचे काही घडले का? एकाच्या कामात दुसऱ्याने हात घातला का?

मग टोपणाला आशाच नाही काय? आहे. समजा, टोपण एकदा फिरवले की दोरा हवा तेवढाच, साधारण हातभर, बाहेर येतो आणि त्याच फेऱ्यात आपोआप तुटतो. समजा, नळी दाबण्याच्या जोराने दोऱ्याला औषध लागते, तेही दोऱ्याची गुंडाळी न भिजता. अशा ठिकाणी टोपण नुसते घर राहात नाही; ते कामाला लागते. तिथे शोध असू शकेल. असेलच असे मी म्हणत नाही. ते तपासणाऱ्याने ठरवायचे. पण अर्ज लिहायचा तो या क्रियेचा लिहायचा. "टोपणात दोरा" एवढ्याचा नव्हे. आमच्या भगिनीने हे ऐकल्यावर आपल्या टोपणात एक फेरफार केला आहे. तो मात्र मी सांगणार नाही, आणि तुम्हीही तिला विचारू नका. प्रदर्शनाच्या टेबलावर ते टोपण का नाही, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. जी वस्तू अर्जाआधी चारचौघांत मांडली, तिचा नवेपणा त्या मांडण्यानेच जातो. सरकारने खास जाहीर केलेल्या प्रदर्शनांना बारा महिन्यांची सवलत आहे. आपले मंडळ कितीही थोर असले तरी ती सवलत आपल्याला नाही.

आता थोडे व्यवहाराचे बोलते.

पहिली गोष्ट, आधी शोधाशोध करा, पैसे मागाहून. दप्तर चाळायला काही पडत नाही. दोन संध्याकाळी दिल्या तर निम्म्या कल्पनांचा निकाल घरीच लागतो.

दुसरी गोष्ट, कल्पना पूर्ण झाली नसेल तर तात्पुरता अर्ज करता येतो. त्याने तारीख आपल्या नावावर लागते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. व्यक्तीने संगणकावरून केलेल्या अर्जाचे सरकारी शुल्क १६०० रुपये आहे. पुढे तपासणीच्या विनंतीचे ४०००. पेटंट मिळाल्यावर ते चालू ठेवायला वेगळे शुल्क पडते. वकिलाची फी निराळी, आणि अर्ज नीट लिहायला जाणता माणूस लागतो हेही खरे. पण सरकारचे किती आणि माणसाचे किती, हे आधी कागदावर मागून घ्या. महाराष्ट्र आणि गोवा यांचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात; ते अँटॉप हिलला आहे.

तिसरी गोष्ट खास आपल्यासाठी. २०१९ सालापासून अर्जदारांत एक जरी स्त्री असली, तरी तपासणी लवकर करून मागता येते. त्याचे शुल्क जास्त आहे, पण वाट पाहणे पुष्कळ वाचते. घरात युक्ती बायकोची आणि अर्जावर नाव नवऱ्याचे, हा प्रकार मी कचेरीत फार पाहिला. ज्याची युक्ती त्याचे नाव, हे कायद्यालाही धरून आहे आणि आता सोयीचेही आहे.

चौथी गोष्ट, पेटंट हे एकच दार नव्हे. वस्तूच्या कामात शोध नसला, पण तिचा आकार किंवा घाट नवा आणि डोळ्यांत भरणारा असला, तर २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली त्या आकाराची नोंद होते. ती दहा वर्षे टिकते आणि पुढे पाच वर्षे वाढवता येते. पण तिथेही आधी दाखवले तर गेले. आणि त्या नोंदीने नुसते रूप राखले जाते, काम नव्हे, हेही लक्षात असू द्या.

पाचवी गोष्ट, स्तुतीला भुलू नका. कल्पना ऐकताच "लाखमोलाची आहे" असे म्हणून पैसे मागणारे लोक सर्वत्र आहेत. अमेरिकेत अशांचा इतका सुळसुळाट झाला, की १९९९ साली कायदा करून, आजवर किती गिऱ्हाइकांना खरोखर नफा झाला हे त्यांनी आधी सांगितलेच पाहिजे असे बंधन घालावे लागले. तुम्हीही तोच प्रश्न विचारा. उत्तर द्यायला जो अळंटळं करील, त्याला नमस्कार करून निघा. आमच्या भगिनीने तसेच केले. भिशीचे पैसे तिच्याजवळच आहेत.

आणि शेवटची गोष्ट. पेटंट मिळाले नाही म्हणजे वस्तू टाकाऊ ठरली असे मुळीच समजू नका. रेकेंडॉर्फर खटला हरला, पण रबर लावलेली पेन्सिल जगभर खपली आणि आजही खपते. विळी-खवणीवर कुणाचे एकस्व नाही, म्हणून ती कुणाच्या स्वयंपाकघरातून गेली नाही. पेटंट नसले तरी वस्तू करायला आणि विकायला मोकळीक असू शकते. फक्त दुसऱ्या कुणाचे चालू पेटंट आड येत नाही ना, एवढे पाहून घ्यायचे. मग चांगले हात, वाजवी भाव आणि आपले नाव यांवर धंदा उभा राहतो. आपल्या मंडळाची पापडमसाल्याची विक्री कोणत्या पेटंटवर चालली आहे?

कुणाला वाटेल, हा कायदा फार कठोर आहे; गरिबाच्या चतुराईला "सोय आहे, शोध नव्हे" म्हणून वाटेला लावतो. मलाही नोकरीच्या पहिल्या वर्षांत तसे वाटत असे. पण १९९५ सालची गोष्ट आठवा. अमेरिकेत हळदीने जखम भरण्याच्या उपयोगावर पेटंट दिले गेले. हळदीने जखम भरते हे आपल्यापैकी कुणाला शाळेत शिकावे लागले? आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला हरकत घेतली. गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा परिषदेचे महासंचालक होते. जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एका भारतीय वैद्यकीय मासिकातला लेख पुराव्यादाखल पुढे ठेवला गेला, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. तिथे हळद वाचली ती याच कठोरपणाने. "यात नवे काय?" हा प्रश्न कायद्याने तिथे दुसऱ्याला विचारला, म्हणून आपल्या आज्यांचे ज्ञान सर्वांचे राहिले. तोच प्रश्न आपल्या टोपणाला विचारला तर रागवायचे कसे? जे सर्वांचे आहे ते एकाचे होऊ नये, आणि जे खरोखर एकीच्या डोक्यातून निघाले आहे ते तिच्यापासून कुणी हिरावू नये, हे दोन्ही राखण्यासाठी ही कसोटी आहे.

म्हणून, मैत्रिणींनो, स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, शिवणाच्या मशीनपाशी काही सुचले तर ते हसण्यावारी नेऊ नका. वहीत तारीख घालून लिहून ठेवा. मग स्वतःला विचारा, हा शेजार आहे की संसार? शेजार असेल तर खुशाल करून विका. संसार असेल तर तोंड मिटून घ्या आणि आधी अर्ज करा.